विषारी कोण : कुत्र्याची छत्री की वटवाघूळ?

प्रश्न : लेकीने वहीत 'विषारी' या मथळ्याखाली यादी केली : नाग, विंचू, कुत्र्याची छत्री, वटवाघूळ. शेवटचं खोड म्हटलं, तर म्हणाली, "त्याच्यात निपाहचा विषाणू असतो ना, मग विषारीच." हे चूक आहे एवढं कळतं, पण वटवाघळासाठी नेमका शब्द कोणता?

– ताई, घोळ 'विषाणू' या शब्दाचा आहे. लॅटिनमध्ये 'व्हायरस' म्हणजे विषच, आपणही तेच विष शब्दात घेतलं. पण छत्रीचं विष तिच्या अंगचं असतं. युरोपात ओकच्या झाडाखाली उगवणारी अमानिटा फॅलॉइडिस ही छत्री शिजवली काय, वाळवली काय, विष जात नाही. खाल्ल्यावर सहा-बारा तास माणूस ठणठणीत असतो, आणि तोवर विष यकृताला लागलेलं असतं. वटवाघळाच्या अंगात असं काही नाही. विषाणू त्याच्याकडे वस्तीला असतो, त्याला स्वतःला सहसा बाधतही नाही. 'रोगवाहक' म्हणा.

– 'रोगवाहक' सरसकट नको, दादा. प्रत्येक वटवाघळात विषाणू नसतो. मी विषाणूचा 'यजमान' म्हणेन.
नागपुरात वाढलेल्यांना हे आठवेल : श्रावणात बाजारात सात्यांचे, म्हणजे खायच्या रानछत्र्यांचे, वाटे लागायचे. आजी एकेक उचलून देठ बघायची. वारुळातून निघालेल्या सातीचा देठ खाली मुळासारखा लांब, निमुळता, मातीने माखलेला. कुंपणाशी उगवलेलं दिसलं की, "कुत्र्याची छत्री हाय ते, हात नको लावू!" म्हणजे ते एका जातीचं नाव नव्हेच. जे खायचं नाही, ते सगळं कुत्र्याची छत्री. तिथे असा ढोबळ शब्द जीव वाचवतो. (तरी देठ बघून ओळखण्याच्या भरवशावर कोणी रानातलं उपटून खाऊ नये.)
वटवाघळावर मात्र ढोबळ शब्दाने अन्याय झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळे-उंदरांसोबत 'उपद्रवी' यादीत होती. मोहाच्या, उंबराच्या बिया रानभर नेणारा हा जीव!

– निपाहपुरता शब्द आपल्या घरातच आहे : उष्टं. धोका त्याच्या लाळेचा, मुताचा. त्याने चावलेलं फळ उष्टं, ते खायचं नाही. पोराला लगेच समजतं.

– प्रश्न विचारणारी : समजलं! वटवाघूळ खोडून तिने शेजारी नवा रकाना आखलाय, 'यांचं उष्टं खाऊ नये'. खाली पहिलं नाव वटवाघूळ, दुसरं उंदीर.