इमारत पास की नापास, हे ठरवायचं कधी?

ओळंबा: इमारतींना बक्षिसं मिळतात ती रंग ओला असताना. माझं मत, दोन पावसाळे काढून, ती ठरवलेल्या कामाला उतरते का याची तपासणी झाल्याशिवाय कुठल्याच इमारतीचं कौतुक करू नये. सिडनीचं ऑपेरा हाउस १९७३ साली उघडलं, जगभर गाजलं. पण मुख्य सभागृहात वादकांनाच एकमेकांचं नीट ऐकू येत नव्हतं. मोठी दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडायला २०२२ उजाडलं. ज्या कामासाठी बांधलं, त्यातच कच्चं!

रेघोट्या: साफ असहमत. ठरवलेला वापर टिकतो कुठे? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाची २० नंबरची इमारत बघा. १९४३ साली युद्धाच्या घाईत रडार संशोधनासाठी उभारलेली, लाकडी, तात्पुरती. पाडली १९९८ साली! मधल्या काळात तिथे भाषाशास्त्रज्ञही बसले. तुमच्या तपासणीत ती कशी बसवणार?

ओळंबा: अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. तिथे भिंतीला भोक पाडायला कुणी अडवत नव्हतं, म्हणून ती टिकली. ही सोयही तपासता येतेच की.

किल्ल्यांचा जुडगा: मी इमारतीची देखभाल बघतो. वाचनकक्षात माणसं निवांत वाचत बसली की सेन्सरला वाटतं, कुणी नाही, दिवे जातात. मग सगळे हात हलवतात. पश्चिमेच्या काचांवर लोकांनी पुठ्ठे चिकटवलेत. तपासणीचा अहवाल म्हणजे हे पुठ्ठेच, वेगळा कशाला हवा? तपासणीच्या प्रश्नावलीत मात्र हीच मंडळी ‘ठीक आहे’वर खूण करतात.

रेघोट्या: आणि खापर माझ्यावर, वास्तुविशारदावर! मूळ नकाशात त्या काचांवर छज्जे असतात, खर्च कमी करताना मालक ते उडवतो. शिवाय परत येऊन बघायची फी कोण देणार? ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेने १९६३ च्या कार्यपद्धतीत शेवटचा टप्पा हाच ठेवला होता, वापरानंतरचा आढावा. पुढे तो वगळला. माझ्याच हाताने चुका लिहायच्या आणि उद्या कोर्टात तोच कागद माझ्यासमोर?

ओळंबा: मग छज्जे कुणी उडवले तेही त्याच कागदावर लिहा.

रेघोट्या: लिहीन. पुढचं काम तुम्ही देणार का?

किल्ल्यांचा जुडगा: तुमचं चालू द्या. आज पुठ्ठे मोजले, १९ झाले.