‘सीओईपीयन’ म्हणजे नक्की कोण? तुमचे अनुभव सांगा

आमच्या कॉलेजचं नाव बदलत आलंय. 1854 साली पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल, पुढे कॉलेज ऑफ सायन्स, 1911 ला कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, पूना (म्हणजेच सीओईपी), आणि 2022 पासून सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ. ‘सीओईपीयन’ हे आपण आपलंच पाडलेलं नाव, आयआयटीयनसारखं शेपूट लावून. ते तुम्हाला पहिल्यांदा आपलं कधी वाटलं? शिकलेल्यांनी लिहाच, पण तिथे नोकरी केलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही लिहा.

सिव्हिल, 1978 : आमच्या घोळक्यात हा शब्द नव्हता. ‘इंजिनीअरिंग कॉलेजला आहे’ एवढं सांगितलं की पुण्यात पुरायचं. थोर अभियंते विश्वेश्वरय्या 1883 साली इथूनच बाहेर पडले, आणि खडकवासला धरणाला 1903 मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. त्यांच्या कानावर हा शब्द कधीच पडला नसणार. तरी नव्या पोरांना मी ठासून सांगतो, ते पहिले आपले.

मेकॅनिकल, डीएसवाय : डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलो. पहिलं वर्ष इथं काढलेलं नाही, म्हणून स्वतःला सीओईपीयन म्हणवायला जीभ रेटेना. कुणी काही बोललं नव्हतं, माझं मलाच वाटायचं. मग रेगाटासाठी, म्हणजे कॉलेजच्या नौकानयन सोहळ्यासाठी, कयाक बॅलेच्या (छोट्या होड्यांच्या तालबद्ध कवायतीच्या) सरावाला जाऊ लागलो. आठवडाभर माझं वल्हं सगळ्यांच्या मागून पाण्यात पडत होतं. तळहाताला फोड आले, ते फुटले, वर चिकटपट्टी लावून पुन्हा वल्हवलं. एका संध्याकाळी सगळी वल्ही एकदम पाण्यात गेली आणि एकच आवाज आला. त्या रात्री घरी फोनवर आईला पहिल्यांदा म्हणालो, “आम्ही सीओईपीयन.”

ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) : कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ‘स्वयम’ उपग्रहावर काम केलं, पण तो उडायच्या आधीच पास होऊन बाहेर पडले. 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 रॉकेटवरून तो गेला, तेव्हा मी बंगळुरूच्या ऑफिसात उभी राहून बघत होते. जेमतेम किलोभराची वस्तू. किती बॅचेसचे हात लागले होते तिला!

कार्यशाळेतल्या एका कामगाराची मुलगी : बाबा फिटिंगला होते. पहिल्या वर्षाची मुलं लोखंडी तुकडा कानशीनं घासून त्यांच्यापुढे धरायची. बाबा काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की तुकडा परत, “अजून घास.” मुलं कंटाळायची, पण ते सोडायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर एकदा बसमध्ये एका गृहस्थांनी त्यांना ओळखलं, उठून जागा दिली आणि शेजारच्याला सांगितलं, “हे आमचे सर, सीओईपीयन.” बाबांनी घरी येऊन चपलाही न काढता आधी ते आईला सांगितलं.