दिली ते बिसाऊ: उघड्याशेजारी नागडं?

रानवारा (धागाकर्ता)
परवा एका आयडीने तारे तोडले: "आग्नेय आशियातलं पूर्व तिमोर आणि पश्चिम आफ्रिकेतला गिनी-बिसाऊ, पोर्तुगालच्या या दोन जुन्या वसाहतींची, 'तरुण' देशांची मैत्री म्हणजे उघड्याशेजारी नागडं गेलं. पंधरा हजार किलोमीटरवरून कसलं डोंबलाचं सहकार्य?" दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण पित्तच खवळलं.

एप्रिल २०१२ मध्ये बिसाऊत लष्कराने उठाव केला, तोही निवडणुकीच्या दोन फेऱ्यांच्या मधे. मोठ्या दात्यांनी हात आखडले. पुन्हा निवडणूक घ्यायची तर मतदारयादी हवी, आणि तिजोरीत खडखडाट. तेव्हा पैसा, यंत्रं आणि माणसं घेऊन कोण गेलं? २००२ साली स्वतंत्र झालेलं तिमोर. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी म्हणून त्या वेळी बिसाऊत बसले होते तेही तिमोरचेच नेते रामोस-होर्ता. साधारण पावणेआठ लाख नावं नोंदली गेली. २०१४ च्या एप्रिलात जवळपास नव्वद टक्के मतदान झालं.

आणि हे उपकार नव्हते, उतराई होती. २८ नोव्हेंबर १९७५ ला तिमोरने स्वातंत्र्य जाहीर केलं, नऊ दिवसांत इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. त्या वेळी तिमोरला देश म्हणून मानणाऱ्या मूठभरांत बिसाऊ होता.

तिरकस
वा! यादी झाली, टाळ्या झाल्या. पुढे? त्या निवडणुकीतून आलेल्या राष्ट्राध्यक्ष वाझ यांनी पाच वर्षांत सात पंतप्रधान बघितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा लष्कर आलंच. आणि २०१३-१४ मध्ये खुद्द तिमोरमधल्या पाच वर्षांखालच्या निम्म्या पोरांची वाढ खुंटलेली होती. घरची पोरं अर्धपोटी आणि हे निघाले शेजारधर्म पाळायला. शेजार तरी कुठला?

शुद्धलेखक
१९७३ ला स्वातंत्र्य घोषित केलेला गिनी-बिसाऊ 'तरुण' कसा हो? पन्नाशी उलटली की त्याची. बाकी चालू द्या.

मुक्कामपोस्ट
मी दिलीत, तिमोरच्या राजधानीत, तीन वर्षं काढली आहेत, म्हणून बोलते. ही सगळी मैत्री पोर्तुगीजच्या नावावर चालते आणि गोची तिथेच आहे. आमच्या कार्यालयात एक मुलगी होती. फॉर्म पोर्तुगीजमध्ये. ती जुना भरलेला फॉर्म शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर उतरवायची, अडलं की शेजारणीला इंडोनेशियनमध्ये विचारायची, आणि पेन चालेना की शिव्या तिथल्या टेटुम भाषेत. पोर्तुगीजमधलं तिला नक्की येत होतं ते 'ओब्रिगादा', म्हणजे धन्यवाद. कायदे पोर्तुगीजमध्ये, शाळा इंडोनेशियनमध्ये झालेली पिढी. बिसाऊतही घरात-बाजारात क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज-मिश्रित बोलीच. मग दोस्ती नेमकी कोणाची? दोन्हीकडच्या साहेबांची!

रानवारा
ताई, विषय मतदारयादीचा आहे.

गलबत
नाही, विषय भाषेचाच आहे. चोवीस वर्षं इंडोनेशियाचे बूट सोसले, त्यांनी आक्रमकाची भाषा डोक्यावर घ्यायची का? तुरुंगातून, जंगलातून चिठ्ठ्या पोर्तुगीजमध्ये जायच्या. ती भाषा टिकवणं हाच लढा होता.

मुक्कामपोस्ट
लढा लढणाऱ्यांचा होता, फॉर्म भरणारीचा नाही. चारशे वर्षं राज्य करून शाळा किती काढल्या पोर्तुगीजांनी, तेही सांगा. पुस्तकी भावनाप्रधानता नको.

गलबत
तीन वर्षं राहिलात म्हणून अख्खा देश कळला? कमाल आहे. टेटुममधून ते पोर्तुगीज शब्द उपसून बघा, 'धन्यवाद' म्हणायलाही काही उरणार नाही.

मुक्कामपोस्ट
मग टेटुमच शिकवा ना! तिने घेतलेले शब्द पचवले आहेत, फॉर्मने नाही. आणि हो, तीन वर्षं. तुमची किती?

तिरकस
भांडा, भांडा. तोवर लष्कर अजून एक सरकार पाडेल.

खलाशीबुवा
मी बिसाऊ बंदर पाहिलंय. काजूचा हंगाम, कच्च्या बियांची पोती चढत होती. हमाली करणारं एक पोरगं सुटीत आमच्या स्वयंपाक्याजवळ यायचं. त्याला खारे काजू दिले तर हातात फिरवून बघत बसलं. त्याच्या गावात झाडंच झाडं, पण असा सोललेला, भाजलेला, डब्यातला काजू त्याने पाहिलेला नव्हता. देशाची निर्यातीची बहुतेक कमाई या एका पिकावर, आणि बी जाते कच्चीच. खरं सहकार्य करायचं तर ते यादीत नाही, इथे करा. तिमोरकडे तेलाचा निधी आहे, २००५ पासूनचा. एखादा काजू कारखाना काढून द्यायचा.

रानवारा
बुवा, तो निधी स्वतःच्या नातवंडांसाठी राखलेला आहे, कारखाने वाटायला नाही. आणि तेल काही कायमचं नाही.

तिरकस
म्हणजे आता तुम्हीच म्हणताय की पैसा घरी ठेवावा. हेच मी वर लिहिलं तर पित्त खवळतं!

रानवारा
यादीला लागलेला पैसा आणि कारखाना यात फरक आहे, साहेब. यादी एकदाच करायची होती आणि दुसरं कोणी करत नव्हतं. वाझ यांच्या सात पंतप्रधानांचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण तो गडी पाच वर्षं पूर्ण करून गेला, हे सोयीस्कर गाळलंत. तिथे तोवर एकाही निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला ते जमलं नव्हतं.

तिरकस
बरं बाबा, पाच वर्षं दिली. हार-तुरे कुठे पाठवू, दिलीला की बिसाऊला?

मुक्कामपोस्ट
पाठवा कुठेही. पावतीचा फॉर्म मात्र पोर्तुगीजमध्ये येईल.