अनुभव धागा : न्हाव्यासमोर दिलेली मान

भाच्याचा मामा : काल भाच्याचे जावळ काढले. माझ्या मांडीवर रडून आकांत करणारे ते बाळ, न्हावीकाकांनी मानेवर ओला हात ठेवताच गप्प झाले आणि मला गावचे नाना आठवले. ते पारावर पोते टाकून बसत, आमचे डोके दोन गुडघ्यांत धरीत आणि हातमशीन चालवीत. मशीनची धार गेलेली असली की केस कापले जाण्याऐवजी उपटले जात, पण हलण्याची सोय नसे. आपल्याही आठवणी लिहाव्यात.

माळरान : आमच्याकडे रोख पैसे देत नसत, वर्षभराच्या हजामतीचे बलुते म्हणून सुगीत खळ्यावर ज्वारी दिली जाई. धोपटीत, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांच्या पिशवीत, वस्तरा, कातर, नखे काढायची नराणी आणि तुरटी असे. लग्नकार्यातली न्हाव्याची कामेही त्याच ज्वारीत धरली जात आणि ती किती होती, हे कोणी मोजत नसे.

कातरवाला : वडिलांचे सलून आता मी चालवतो. मशीनने बाजू कोणीही उतरवील. खरे कसब कंगव्यावर केस उचलून, त्यावरून कात्री न थांबवता नेण्यात आहे. भोवऱ्याजवळचे केस फार आखूड झाले की ते उभे राहतात, म्हणून गिऱ्हाइकाने मोबाइलवरचा फोटो दाखवण्याआधीच मी त्याची टाळू पाहून घेतो.

सुमनताई : माझ्या पणजीचे केशवपन झाले होते. न्हावी मागच्या दाराने येई आणि त्या दिवशी ती कोणाशी बोलत नसे, असे आजी सांगायची. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचे ठरवले, हे मी फार उशिरा वाचले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नकार दिला, ही गोष्ट आम्हाला शाळेत सुधारकांच्या बरोबरीने का शिकवली नाही, याचा मला आजही राग येतो.

माळरान : ताई, हे वाचून गलबलून आले. आमच्या गावातही अशा आज्या होत्या.

डोंबिवलीकर : थोडे हलके लिहितो. २०२० च्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रात २८ जूनपासून सलून उघडली, परंतु परवानगी केस कापण्याची होती, दाढीची नव्हती. त्यामुळे आमचे बाबा वरून कारकून आणि खालून ऋषी अशा अवस्थेत घरी परतले. आईने त्यांना दारातूनच थेट न्हाणीघरात पाठवले.

भाच्याचा मामा : कातरवाले दादा, जावळ काढल्यावर भाच्याच्या टाळूवर दोन भोवरे दिसले. दोन भोवरे म्हणजे दोन लग्ने, असे आमची आई म्हणते. पुढे काय काळजी घ्यावी?

कातरवाला : केस वाढले की भोवऱ्यांपाशी ते जरा लांब ठेवायला सांगा, म्हणजे बसतील. लग्नांचे आमच्याकडे पाहिले जात नाही.