ज्यूल थीफ सर्किटमधील एलईडी पेटत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. मुलीला सोल्डरिंग शिकवण्यासाठी मी मुद्दाम ज्यूल थीफ, म्हणजे सेलचा कमी व्होल्टेज वाढवून एलईडी पेटवणारे छोटे सर्किट, निवडले, कारण रिमोटमधून काढून टाकलेल्या १.५ व्होल्टच्या सेलवर सुमारे ३ व्होल्ट लागणारा पांढरा एलईडी उजळताना तिने स्वतः पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जुन्या सीएफएलमधील फेराइट रिंगवर दोन तारांचे प्रत्येकी २० वेढे घेतले असून बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडला आहे. एका तारेची सुरुवात आणि दुसरीचा शेवट एकत्र करून सेलच्या धन टोकाला दिला आहे, तरीही एलईडी पेटत नाही. पॉलिश पेपरने घासूनही तारेच्या एका टोकावर सोल्डर पसरत नाही, गोळी होऊन घरंगळते. दोष तारेवरील इनॅमलचा (विद्युतरोधक लेपाचा), वेढ्यांच्या दिशेचा की ट्रान्झिस्टरच्या पायांचा, हे साध्या मल्टिमीटरने क्रमाने कसे तपासावे, ते कृपया सांगावे.