बॅज म्हणजे नुसतं चित्र नाही
काही जण म्हणतात की डिजिटल बॅज, म्हणजे एखादं काम येतं हे दाखवणारं ऑनलाइन प्रमाणपत्र, हे नुसतं चित्र आहे, कोणीपण बनवेल. तसं नाहीये भाऊ. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०११ मध्ये ओपन बॅजेस नावाची पद्धत आणली, त्यात चित्राच्या फाईलमध्येच माहिती भरता येते, कोणी दिला, कशासाठी, कधी, कामाचा पुरावा जोडला असेल तर तोपण, आणि ते सगळं तपासता येतं. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडची पोरं केळीच्या बागेत ठिबक बसवतात, फिल्टर धुतात, व्हेंचुरीतून (पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून) खत सोडतात आणि मार्कशीटवर यातलं एक अक्षर येत नाही, याचं खरंच वाईट वाटतं! कॉलेजने हे काम समोर करून घेऊन बॅज द्यावा. पण नुसत्या हजेरीवर नको, परीक्षा बागेतच घ्या आणि घेणारा ठिबकचा जाणकार पाहिजे.