गोबरगॅस उरतो आणि आउटलेटमधून बुडबुडतो, काय करावं? (मदत हवी आहे)

मंडळी, गाव भुदरगड तालुक्यात, मी पुण्यात. घरी आता आई-आबा दोघंच. दावणीला 2 म्हशी, 1 गाय, आणि परड्यात 2 घनमीटरचा दीनबंधू (जमिनीत बांधलेल्या पक्क्या घुमटाचा) गोबरगॅस. बांधला तेव्हा आठ माणसांचा स्वयंपाक त्यावर व्हायचा. आता उन्हाळ्यात घुमट भरतो, स्लरी (शेण-पाण्याचा काला) खाली रेटली जाते आणि आउटलेटच्या हौदात वाळक्या सायीखालून बुडबुडे फुटत राहतात. आबा म्हणतात, "फुकटचा गॅस, गेला तर गेला."

हिशेब मांडला तर जीव कळवळतो. रोज 40 किलो शेणाला साधारण दीड घनमीटर गॅस, आमचा वापर निम्म्याहून कमी. उरलेल्यात 55-60% मिथेन धरला तरी रोज 300-400 ग्रॅम हवेत. एका म्हशीच्या ढेकरांतून वर्षाला 50 किलोच्या आसपास मिथेन जातो. वर्षभर असंच चाललं, तर दावणीला आणखी दोन-तीन म्हशी असल्यासारखंच की! 20 वर्षांचा हिशेब केला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापवतो. मात्र हवेत टिकतो जेमतेम 12 वर्षं, म्हणजे आज थांबवला तर फरक आपल्या हयातीत दिसतो.

आणि हेच शेण पातळ पसरून वाळवलं असतं, तर एवढा मिथेन झालाच नसता. हवा न लागता कुजतं तेव्हाच तो होतो. आपणच तयार करायचा आणि आपणच सोडायचा!

शेण कमी घातलं तर गॅस लगेच कमी होईल का? 30 मीटरवरच्या काकूंकडे पाइप नेला तर दाब पुरेल? की सरळ जाळून टाकावा?

प्रतिसाद:
दादा, आधी आबांना सांगा, आउटलेटजवळ काडी ओढायची नाही. शेण हळूहळू कमी करा. आतलं जुनं शेण कुजतच असतं, त्यामुळे गॅस उतरायला काही आठवडे लागतात. उरलेल्या शेणाचं गांडूळ खत करा, ढीग मात्र नको.

काकूंना जरूर द्या. दीनबंधूला दाब चांगला असतो, 30 मीटर काहीच नाही. पाइपला उतार द्या आणि सखल जागी पाणी काढायला नळ बसवा, नाहीतर पाणी साचून ज्योत फडफडते. शेगडी गोबरगॅसचीच घ्या, सिलिंडरची चालणार नाही. तोवर म्हशींचा भरडा त्यावर शिजवा. जाळला की मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो परवडला. आणि जोडांना साबणाचा फेस लावून बघाच, गळती बहुतेक तिथेच सापडते.